मागच्या पेटीतले पाणी

कुलसुमबाई तांडेल विजेची गाडी चालवायला तीन दिवसांत शिकल्या; तिला वीज पाजायला शिकण्यास मात्र त्यांना पाच महिने लागले. ‘वीज पाजणे’ हा शब्द धर्माचा. तांडेलांच्या चौलच्या वाडीत तो वीस वर्षे रहाटाचा बैल हाकीत आला होता, आणि जे ओढते त्याला पाजावे लागते, हे त्याच्या दृष्टीने सांगण्यासारखेही नव्हते.

गाडी आली ती १९३१च्या नोव्हेंबरात. मुंबईतल्या एका वृद्ध पारशीणबाईंच्या मागे त्यांच्या घरातले सामान विकायला निघाले होते, त्यात ही काळी, उंच, चारी बाजूंनी काचा असलेली गाडी होती. कुलसुमबाईंचे यजमान रशीद तांडेल आगबोटीवर विजेच्या कामावर होते. दुसऱ्या कोणी ती गाडी निकामी म्हणून सोडून दिली असती; रशीदमियांनी तिच्या खाली शिरून तासभर पाहिले आणि ती घेतली. पडावात घालून ती रेवदंड्याच्या बंदराला उतरवली, तेव्हा बघ्यांना पहिला प्रश्न पडला तो हा, की हिला चाक कुठे आहे? वळवण्यासाठी तिला चाक नव्हते, आडवा दांडा होता. रशीदमिया हसून म्हणाले, “सुकाणू आहे हे. आपल्या लोकांना काय शिकवायचं त्यात?”

गाडी घेण्याचे कारण घरातच होते. मुंबईत शिक्षण घेतलेल्या कुलसुमबाईंना अलिबागेच्या मुलींच्या उर्दू शाळेत मुख्य शिक्षिकेची जागा मिळाली होती. शाळेत तेवीस मुली होत्या आणि शिकवायला दुसरे कोणी नव्हते. अडचण होती ती अकरा मैलांची. बैलगाडीने जायला साडेतीन तास लागत. अलिबागेत बिऱ्हाड करावे तर घरी सासूबाई नूरबानू एकट्या. त्यांना संधिवाताने उंबरठा ओलांडवत नसे. तेलावरची मोटार घ्यावी तर तिला दांडा फिरवून जागे करायला पुरुष हवा, म्हणजे परका चालक आला. विजेच्या गाडीला दांडा फिरवावा लागत नाही, धूर नाही, दणका नाही. काचांना पडदे लावले की स्त्रीने एकटीने बसावे आणि निघावे. शाळेच्या कमिटीने ही व्यवस्था मान्य केली, पण एका अटीवर. सेक्रेटरी वलीसाहेब खोत यांनी ती सौम्यपणे सांगितली होती. “बाई, सहा महिने पाहू. शाळा अकराला भरते. शिक्षिका वेळेवर आली तर शाळा आहे. नाही तर मुलींना मुलांच्या शाळेच्या मागच्या खोलीत दुपारी दोन तास बसवायचं, असं कमिटीतल्या काहींचं मत आधीपासून आहेच.”

रशीदमियांनी वाडीतल्या पाण्याच्या इंजिनाशेजारी डायनामो बसवला. इंजिनाचा पट्टा पंपावर चढवला की वाडी भिजे, डायनामोवर चढवला की गाडी भरे. दोन्ही कामे एका दिवशी होत नसत, कारण शिंपणे ऊन उतरल्यावरच करायचे आणि गाडीही संध्याकाळीच घरी येणार. तेव्हा आळीपाळी ठरली. एका भरण्यात गाडी पन्नास मैल जाई, म्हणजे अलिबागेच्या दोन फेऱ्या होत. धर्माने तेही आपल्या परीने बांधून घेतले : “एक दिवस वाडीचा, एक दिवस गाडीचा.”

डिसेंबरात रशीदमिया बोटीवर परत गेले. जाताना त्यांनी कुलसुमबाईंच्या वहीत स्वच्छ अक्षरात सूचना लिहिल्या. गाडीत पुढे एक पेटी, मागे एक पेटी. पुढच्या पेटीत वीस खाने, मागच्या पेटीत बावीस. भरताना पेट्यांची झाकणे उघडी ठेवावीत; जवळ दिवा किंवा विडी नसावी. खान्यांतले पाणी उडून कमी होते. आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या पडण्याआधी ते भरून काढावे. पाणी मुंबईहून आणलेल्या काचेच्या बरणीतलेच घालावे. आम्लाची एक बरणी वेगळी ठेवली आहे. ती सहसा उघडू नये, आणि उघडलीच तर आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीच नाही. शेवटी एका काचेच्या नळीविषयी लिहिले होते. तिने खान्यातला थोडा रस ओढून घ्यायचा. आत एक बारीक नळी तरंगते. खान्यात वीज भरलेली असली की ती वर येते, वीज संपली की बुडते.

कुलसुमबाईंनी या सूचना पाठ केल्या. आपल्याला समजते, या विश्वासाने त्या जगत आल्या होत्या, आणि बहुतेक वेळा तो विश्वास खरा ठरला होता. पहिल्या आठवड्यात एकच तक्रार आली. गाडीला आवाज नसल्यामुळे नागावच्या रस्त्यावर बायका दचकून पाटाच्या पाण्यात उतरत आणि मागून शिव्या देत. धर्माने यावर तोड काढली. रहाटाच्या बैलाला आता काम नव्हते. त्याची घुंगुरमाळ त्याने गाडीच्या पुढच्या दांडीला बांधली. “आता कुनी म्हननार न्हाय, भुतागत येती म्हणून,” तो म्हणाला. तेव्हापासून घुंगरांचा आवाज आला की आक्षीच्या दुकानातली माणसे घड्याळ न पाहता सव्वादहा वाजले असे समजू लागली.

फेब्रुवारीच्या मध्याला मुंबईची बरणी संपत आली. कुलसुमबाईंनी एका दुपारी पुढच्या पेटीतले वीसही खाने भरले आणि बरणी आडवी केली, तर तळाशी घोटभरही उरले नव्हते. मुंबईला लिहून नवी बरणी मागवावी तर दोन-तीन आठवडे जाणार. त्यांनी विचार केला. पाणी निर्मळ हवे, एवढेच ना? वाडीतली विहीर गोड म्हणून प्रसिद्ध होती. खाडीच्या बाजूच्या विहिरी मचूळ. या एका विहिरीवर सारी आळी प्यायचे पाणी भरायला येई. कुलसुमबाईंनी ते पाणी कल्हईच्या पातेल्यात खळखळ उकळले, तीन पदरी मलमलीतून गाळले, झाकून थंड केले. मुंबईत त्या शिकल्या त्या संस्थेत रोगराईच्या दिवसांत पाणी असेच देत. मागच्या पेटीतले बावीस खाने त्यांनी त्या पाण्याने भरून काढले आणि तसे वहीत लिहूनही ठेवले.

दोन आठवडे काही जाणवले नाही. मग गाडी चढावावर दम टाकू लागली. कुलसुमबाईंना वाटले, पाणी पुरेसे निर्मळ झाले नसावे. म्हणून पुढच्या वेळी मागची पेटी भरताना त्यांनी ते दुप्पट वेळ उकळले, पातेल्यात निम्मे उरेपर्यंत.

मार्चच्या आठ तारखेला, मंगळवारी सकाळी, आक्षीच्या पुढे पुलाच्या चढावावर गाडी थांबली. एकदम थांबली नाही. थकलेला माणूस पायरीवर बसतो तशी बसली. पुढे चार मैल होते. मागून मोरू गाडीवान पेंढ्याची गाडी रिकामी करून येत होता. त्याने बैल थांबवले, घुंगुरमाळ हाताने वाजवून पाहिली आणि विचारले, “बाईसायब, बैल कुठं गेलं? नुसतीच माळ?”

“मोरूभाऊ, दोर आहे का?” कुलसुमबाई पडद्याआडून म्हणाल्या.

“दोर हाय. पन माझ्या बैलांना इजंची सवय न्हाय. लाथ बसली तर?”

“लाथ मारायला तिच्यात वीज उरली असती, तर मी तुला हाक मारली नसती.”

यावर मोरू हसला आणि त्याने दोर बांधला. शाळेच्या दारात विजेची गाडी बैलांच्या मागून पोहोचली, तेव्हा सव्वाबारा वाजले होते. तेवीस मुली पायरीवर बसून होत्या. वलीसाहेब उभे होते.  शाळा सुटल्यावर त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

“बाई, तुमच्या शिकवण्याविषयी तक्रार नाही. माझी हुस्नबानू घरी येऊन नकाशा काढते. पण वीस तारखेला, रविवारी, तपासनीसबाई येणार आहेत; आपली सुटी शुक्रवारची. शाळेला मान्यता मिळायची की नाही, ते त्या दिवशी ठरेल. कमिटीतले लोक विचारतात, त्या दिवशी गाडी बसली तर? मी काय सांगू?”

“वीस तारखेला मी साडेदहाला इथे असेन.”

“गाडीने?”

“गाडीने,” कुलसुमबाई म्हणाल्या. बैलगाडीने आले तर सहा महिन्यांची अट पाळली असे होणार नाही, हे त्यांना कळत होते. रोज साडेतीन तास जाऊन साडेतीन तास येणारी शिक्षिका किती दिवस टिकेल, हाच तर कमिटीचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवसापासून शाळेसाठी मोरूची गाडी ठरली. त्या सकाळी सातलाच निघू लागल्या. मोरूने ओढून आणलेली विजेची गाडी वाडीत उभी राहिली. तिला रात्री पुरती वीज पाजून कुलसुमबाईंनी दुसऱ्या संध्याकाळी नळीने बेचाळीसही खान्यांचे माप घेतले आणि वहीत दोन रकाने केले. पुढच्या पेटीत वीसही खान्यांतली बारीक नळी वर तरंगत होती. मागच्या पेटीत ती जवळजवळ तळाला टेकत होती. गाडी तर जागची हललीही नव्हती, तरी मागच्या पेटीतली वीज उभ्या उभ्या जिरून गेली होती.

धर्मा शेजारी उकिडवा बसला होता. “जोडीतला एक बैल अंग चोरतोय,” तो म्हणाला. “मागला.”

“दोघांना वैरण एकच दिली, धर्मा. एकाच पट्ट्यावर एकाच वेळी.”

“मंग पान्यात फरक असंल.”

हे तो सहज बोलला, पण कुलसुमबाईंनी वहीची मागची पाने उलटली. पुढच्या पेटीत मुंबईचे पाणी. मागच्या पेटीत विहिरीचे.  तरीही त्या म्हणाल्या, “पण मी ते उकळलं होतं. दुसऱ्या वेळी तर निम्मं आटेपर्यंत.”

धर्माची बायको गोदू पडवीत सुपाऱ्या कातरत बसली होती. तिचे माहेर धरमतर खाडीकडच्या मिठागरावर. लग्न होईपर्यंत तिचे पाय खाऱ्या वाफ्यांत गेले होते. तिने अडकित्ता खाली ठेवला.

“उकलून काय जातंय, बाय?”

“घाण जाते. जंतू मरतात.”

“आन मीठ?”

“विहीर गोड आहे, गोदू.”

“गोड तोंडाला. आमी काय करतो मिठागरावर? पानी उन्हात ठेवतो. पानी जातं, मीठ ऱ्हातं. तुमी उन्हाऐवजी चूल लावली. निम्मं आटवलं, म्हंजे मीठ दुप्पट केलं की वो!”

धर्मा ताडकन उठला. “माज्या इहिरीला मीठ? आळीतली बारा घरं पितात. तुज्या माहेरच्या खाऱ्या चिखलातून आलीस, म्हणून तुला सगलीकडं मीठच दिसतं!”

“अवो, भांडता कशाला? पली आना.”

तिने दोन पितळी पळ्या चुलीवर धरल्या. एकीत खाडीचे पाणी, दुसरीत गोड विहिरीचे. पहिली आटली तेव्हा तळाशी पांढरी खरबरीत साय राहिली. दुसरी आटायला तेवढाच वेळ लागला. तिच्यातही एक कडे उमटले होते. पातळ, पण पांढरे. गोदूने त्यावर बोट फिरवून ते धर्मासमोर धरले. त्याने जिभेला लावले आणि तो अंगणात निघून गेला.

कुलसुमबाई पळीकडे पाहत राहिल्या. त्यांना राग आला तो स्वतःचा. पाणी आटले की क्षार मागे राहतो, हे त्या स्वतः मुलींना भूगोलात शिकवत आल्या होत्या. समुद्राचा धडाच होता तो. पुस्तकातला समुद्र आणि आपल्या चुलीवरचे पातेले यांची गाठ मात्र त्यांनी कधी घातली नव्हती. “गोदू,” त्या म्हणाल्या, “मीठ मागे राहतं. मग जे वर जातं ते पाणी निर्मळ?”

“वाफंला कुठलं मीठ? पन ती धरायची कशी, त्ये मला ठावं न्हाय. आमी ती सोडून देतो.”

ती कशी धरायची, ते आतल्या खोलीतून समजले. नूरबानू सगळे ऐकत होत्या. “कुलसुम! माझं अर्काचं भांडं काढ माळ्यावरून. ओव्याचा अर्क काय आभाळातून पडतो? चाळीस वर्षं वाफच धरत आले मी. मला कुणी विचारलं का?”

तांब्याचे ते भांडे खाली आले. त्याच्या झाकणावर थंड पाणी ठेवायचा खोलगट भाग होता आणि बाजूने एक नळी बाटलीत उतरे. कल्हईवाल्याकडून ते आतून नवे करून घेतले. पहिल्या दोन बाटल्यांना ओव्याचा वास आला. त्या सांडून दिल्या. तिसरीतले पाणी गोदूने पळीत आटवले. पळीचा तळ जसा होता तसाच चकचकीत राहिला.

सहा दिवस चूल विझली नाही. नूरबानू जाजमावर बसून झाकणावरचे पाणी बदलण्याची आठवण करीत आणि उशीर झाला की घराण्याचा उद्धार करीत. गोदू दुपारी जाळ सांभाळी, कुलसुमबाई शाळेतून आल्या की रात्रीचे जेवण होईपर्यंत. गाडीचा आणि वाडीचा दिवस यांतला भेद मोडला. वाडीला रोज पाणी मिळू लागले, आणि धर्मा ते तोंड फुगवून देत राहिला. विहिरीजवळ कुणी आले की तो आपणहून सांगे, “माणसाला चालतंय पानी. इजंला चालत न्हाय, इतकंच. इज लाडावलेली हाय.”

सोळा तारखेला मागच्या पेटीतले बावीस खाने रिकामे केले. धर्मा न बोलावता आला आणि पेटी तिरपी धरायला त्याने खांदा लावला. प्रत्येक खाना तीनदा वाफेच्या पाण्याने धुतला. मग कुलसुमबाईंनी हातांना जाड कापड गुंडाळले, चिनी मातीच्या भांड्यात आधी पाणी घेतले आणि त्यात आम्लाची बारीक धार सोडली. भांडे ऊन झाले. “आधी पाणी, मग आम्ल,” त्या प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणत होत्या; बाविसाव्या वेळीही म्हणाल्या. सतरा आणि अठरा तारखेला पट्टा डायनामोवर चढला. एकोणीस तारखेच्या संध्याकाळी, दिवस मावळण्याआधी, त्यांनी नळी घेतली. मागच्या पेटीत बारीक नळी वर आली. पुढच्या पेटीइतकी नाही, दोन रेघा खाली. तीन खान्यांत चार रेघा. पट्ट्यांचे झालेले नुकसान पुरते भरून येणार नव्हते. कुलसुमबाईंनी हिशेब केला : पन्नास मैल नाहीत, पण पंचेचाळीस नक्की. अलिबागेच्या दोन फेऱ्या म्हणजे चव्वेचाळीस मैल.

“उद्या तू माझ्याबरोबर चल, गोदू,” त्या म्हणाल्या. “पळ्या घेऊन.”

“मी? शाळंत? अगो बाय, मला अक्षर येत न्हाय.”

“उद्या वस्तुपाठ घ्यायचा आहे, म्हणजे वस्तू दाखवून शिकवायचं. वस्तू तुला येते.”

रविवारी सकाळी नऊ वाजता त्या निघाल्या. गोदू गादीवर बसायला तयार होईना. खाली पायांपाशी बसली आणि नागाव येईपर्यंत दोन्ही हातांनी बैठकीची कड धरून राहिली. नागावला ओळखीची बाई दिसल्यावर मात्र ती उठून गादीवर बसली आणि तिने पडदा थोडा सारला. आक्षीच्या पुलाच्या अलीकडे मोरू उभा होता; त्याच्या हातात दोर होता.

“बाईसायब, आनलाय!” तो ओरडला.

चढाव सुरू झाला. कुलसुमबाईंनी दांडा सरळ धरला आणि वेगाची मूठ एक घर पुढे सरकवली. गाडीने क्षणभर अंग जड केले, मग घुंगरे नेमाने वाजू लागली आणि पुलाची कमान मागे पडली.

“त्या दोरानं तुज्या बैलाला बांध!” गोदू काचेतून मागे ओरडली.

साडेदहाला पाच मिनिटे कमी असताना गाडी शाळेच्या दारात उभी राहिली. वलीसाहेबांनी गाडीच्या पुढे पाहिले, बैल नव्हते. मग खिशातले घड्याळ पाहिले.

तपासनीसबाईंनी वाचन ऐकले, गणिते पाहिली, हुस्नबानूचा नकाशा हातात घेऊन खाडी ओळखली. मग वस्तुपाठ सुरू झाला. शेगडी मुलींच्या मध्ये ठेवली. गोदू सुरुवातीला नुसती शेगडीच फुंकत राहिली. पण खाडीच्या पाण्याची पहिली पळी तापली तशी ती मिठागरावर असल्यासारखी बोलू लागली. कोणत्या वाफ्यात पाणी किती दिवस, कोणत्या वाऱ्याने मीठ लवकर धरते, हे तिने सांगितले. दुसऱ्या पळीत गोड विहिरीचे पाणी होते. पांढरे कडे उमटल्यावर मुली पुढे झुकल्या.

“हे पाणी मी उकळून गाडीत घातलं होतं,” कुलसुमबाई म्हणाल्या. “उकळलं म्हणजे शुद्ध झालं, असं मला वाटलं. म्हणून त्या मंगळवारी तुम्ही सव्वाबारापर्यंत पायरीवर बसलात. गाडी तशी चांगली आहे. चूक माझी होती, आणि ती या बाईंनी दाखवली.”

वलीसाहेब दारात थोडे हलले. तपासनीसबाईंनी वाफेचे पाणी आटवलेली तिसरी पळी मागितली, खिडकीशी नेऊन तिचा कोरा तळ पाहिला आणि आपल्या कागदावर बराच वेळ लिहीत राहिल्या. जाताना त्यांनी गाडीला एक फेरी घातली आणि विचारले, “हिला रोज काय लागतं?”

“दिवसाआड वीज आणि महिन्याला चार बाटल्या वाफेचं पाणी,” कुलसुमबाईंनी उत्तर दिले.

त्या गेल्यावर वलीसाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून शाळेची चावी काढली. आजवर ती त्यांच्या घरी असे आणि रोज सकाळी शिपाई ती घेऊन येई. त्यांनी ती टेबलावर, हजेरीपटाशेजारी ठेवली. “सहा महिने व्हायला अजून वेळ आहे,” ते म्हणाले. “पण तुम्ही शिपायाच्या आधी येता. दारात थांबण्यात अर्थ नाही.”

संध्याकाळी चौलला परतल्यावर कुलसुमबाईंनी चावी काचेच्या नळीशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि मागच्या पेटीचे माप घेतले. पुढच्या पेटीशी तिचे अंतर आदल्या संध्याकाळी होते तेवढेच होते.

“दुसरा बैल लागला कामाला,” धर्मा म्हणाला.

“लागला. पण म्हातारा झाला आहे थोडा. जपून घेऊ.”

नूरबानूंनी दिवसभरात आणखी एक बाटली भरून ठेवली होती. धर्माने ती उचलली, खान्याकडे नेली आणि मध्येच थांबला. मग कोनाड्यातली पितळी पळी घेऊन तो चुलीपाशी गेला. पळीत त्याने बाटलीतले चार थेंब टाकले आणि ते आटेपर्यंत, कुणी पाहत नाही ना याची खात्री करून, पळीच्या तळाकडे टक लावून बसला.